जेवणानंतर एक

सरकारी दवाखान्यात औषधं देणाऱ्या माणसाला लोक काय काय म्हणतात, ते मला पाठ आहे. गोळ्यावाले साहेब, कंपाउंडर, खिडकीतले काका. एका आजोबांनी तर मला सरळ 'वाणी' करून टाकलं होतं. सरकारी कागदावर मी औषध निर्माण अधिकारी होतो. उभ्या नोकरीत मी एकही औषध निर्माण केलं नाही, आणि अधिकारी असल्याचा अनुभवही फारसा आला नाही. भोकरदन तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात खिडकीमागे बसायचं, डॉक्टरांनी केसपेपरवर काढलेल्या मुंग्या वाचायच्या, गोळ्या पाकिटात घालायच्या आणि त्या कशा घ्यायच्या ते ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम. या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतल्या गमती लिहा' असा निरोप धाडलाय. गमती आहेत, सांगतो. पण मला खरं सांगायचंय ते एका पाकिटाबद्दल, आणि ती काही गंमत नाही.

आधी खिडकीबद्दल सांगतो. तिला गज होते आणि खाली हात घालण्यापुरती फट. मी स्टुलावर बसलेला, समोरचा माणूस उभा, त्यामुळे मला चेहऱ्यापेक्षा हातच जास्त दिसायचे. कापूस वेचून चिरलेली बोटं, मेंदीचे हात, थरथरणारे हात. हातावरून मी माणूस ओळखायचो आणि त्याचा मला भलता अभिमान होता.

सुरुवातीच्या काळात खिडकीवर ताप, हगवण, खरूज यांची गर्दी असायची. पुढे बीपीची रांग लागली आणि ती काही हटली नाही. ताप चढला की माणूस आपल्या पायांनी येतो. बीपी चढला तर त्याला काही होतच नाही, हीच तर सगळी भानगड. आमच्याकडे मोसंबीच्या बागा, म्हणून मी ठिबकचं उदाहरण द्यायचो. नळीत पाण्याचा दाब वाढला तरी नळी कुरकुर करत नाही. महिनोन्‌महिने गुमान झाडाला पाणी देते आणि एक दिवस भलत्याच जागी फाटते. माणसाची नळी फाटते ती डोक्यात, नाही तर दगा देतं हृदय किंवा मूत्रपिंड. लोक मन लावून ऐकायचे. "बराबर हाय साहेब, आमची परवाच फाटली," म्हणायचे, आणि मग ठिबकचा खर्च किती वाढलाय त्यावर बोलत बसायचे.

मराठीतला एक शब्द मला जन्मभर नडला. लागणे. गोळी लागू पडली म्हणजे माणूस बरा झाला, मग ती घ्यायची कशाला? आणि गोळी लागली म्हणजे तिची सवय लागली, मग तर बिलकुल नको. दोन्हीकडून गोळी बंद. बीपी गोळीमुळे ताब्यात आहे, गोळी सोडली की पुन्हा चढेल, हे पटवताना माझा स्वतःचाच चढायचा.

तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक नाना होते. धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, केसपेपरची सुद्धा फाइल. बीपी म्हणजे राग, हे त्यांचं शास्त्र.

"नाना, आज गोळी घेतली का?"

"न्हाई."

"का बरं?"

"आज कुणावर चिडलोच न्हाई. उगं कशाला वाया घालू?"

"आणि काल?"

"काल दोन घेतल्या. जावई आल्ते."

एक बाई फक्त तपासणीच्या दिवशी सकाळी गोळी खायच्या, कारण आकडा जास्त निघाला की आमच्या सिस्टर रागवायच्या. एका घरात नवरा-बायको एकाच माणसाच्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या घेत होते, आणि दोघांचाही बीपी मजेत वर होता. कुणाकुणावर हसायचं?

तेव्हा मी माझ्यापुरते दोन कायदे केले. पहिला, महिन्याच्या नव्या गोळ्या हव्या असतील तर जुन्या रिकाम्या पट्ट्या आणून दाखवायच्या. पट्टीतली घरं मोजली की माणूस किती खरं बोलतोय ते कळतं. 'रोज घेतो' म्हणणाऱ्याच्या पट्टीत निम्मी घरं भरलेली निघायची, मग मी फैलावर घ्यायचो. दुसरा, पाकिटावर लिहायला मी पदरमोड करून जालन्याहून रबरी शिक्के बनवून आणले. एकावर 'रोज सकाळी', दुसऱ्यावर 'जेवणानंतर एक'. लिहून लिहून मनगट भरून यायचं, ते वाचलं. शिक्का जांभळ्या शाईत ठसठशीत उठायचा. पाहुणे डॉक्टर आले की मी तो मुद्दाम दाखवायचो.

आता खरं सांगायचं तर आम्ही देत होतो त्या बीपीच्या गोळीला जेवणाशी काही देणंघेणं नव्हतं. उपाशीपोटी घेतली तरी चालणारी गोळी ती. पण अंगदुखीच्या गोळ्या जेवून घ्यायच्या असतात, तो शिक्का हाताशी होता, आणि जेवण म्हटलं की वेळ लक्षात राहते असं मला वाटायचं. आमच्याकडे शेतावर जाणारी माणसं सकाळी नऊ-दहालाच भाकरी खाऊन निघतात. म्हटलं, उत्तम. भाकरी काही कुणी चुकवत नाही.

रांगेत माझ्या दृष्टीनं पहिल्या नंबरची होती कौसाबाई. मेंढपाळांच्या घरातली. सासऱ्याच्या काळात मेंढरं घेऊन वावरावावरानं हिंडलेलं हे घर, आता गावात टेकलेलं. पाच-सात शेरडं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि मुलगा भगवान मोसंबीच्या बागेत कामाला. कौसाबाईचे हात मी हजारात ओळखले असते. रुंद पंजे, उजव्या मनगटावर गोंदलेलं तुळशीचं झाड. दर महिन्यात एका बाजाराच्या दिवशी ती यायची, फटीतून हात घालायची आणि दोऱ्यानं बांधलेला रिकाम्या पट्ट्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवायची.

"मोजा," म्हणायची.

"तुमचं काय मोजायचं, कौसाबाई?" असं म्हणून मी तो जुडगा तसाच खोक्यात टाकायचो. मग रांगेतल्या बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचो, "शिका जरा या बाईकडून."

तिचा आकडाही शहाण्यासारखा असायचा. तीन वर्षं तिच्याबद्दल मला काही काळजी नव्हती, आणि ज्याची काळजी नसते त्याच्याकडे आपण बघत नाही.

कौसाबाईचं नवरात्र कडक असायचं. नऊ दिवस उपास, पायात वहाण नाही, आणि एक दिवस पिंपळगाव रेणुकाईला चालत जाऊन दर्शन. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी ती उपास सोडायच्या तयारीत होती. पुरण शिजत होतं, ते हलवता हलवता तिच्या हातातला पळा गळून पडला. सुनेनं हाक मारली तर तोंडातून शब्द निघेना. आमचा बाह्यरुग्ण विभाग सणामुळे बंद होता. भगवाननं गाडी बोलावून तिला थेट जालन्याला सरकारी दवाखान्यात नेलं. हे मला कळलं चार दिवसांनी, तो खिडकीवर आला तेव्हा.

"आईच्या अंगावरून वारं गेलं, साहेब," तो म्हणाला. "उजवा हात गेला. बोलणंबी गेलं."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "अरे, ती तर गोळी चुकवत नव्हती."

त्यानं फटीतून माझंच पाकीट आत सरकवलं. "हे परत घ्या. ती कधी घरात ठेवत नव्हती. सरकारचा माल हाय, बराबर परत केला पाहिजे म्हणायची."

पाकिटातल्या पट्टीत नऊ गोळ्या होत्या.

माझं डोकं सटकलं. आई दवाखान्यात पडलेल्या त्या पोराला मी गजाआडून फैलावर घेतलं. घसा फोडून सांगतो, ठिबकची उदाहरणं देतो, तरी तुम्ही लोक गोळ्या सोडता, मग इथं येऊन रडता. सगळी रांग ऐकत होती. मग भगवाननं बोट आत घालून पाकिटावर ठेवलं.

"इथं काय लिव्हलंय, साहेब?"

"जेवणानंतर एक."

"नऊ दिवस ती जेवलीच न्हाई. उपास व्हता."

"अरे, पण काही तरी पोटात गेलं असेल ना? भगर, साबुदाणा, शेंगदाणे?"

"त्यो फराळ झाला की," तो म्हणाला. "फराळाला कुणी जेवण म्हणतंय का?"

कुणीच म्हणत नाही. मी परतूरचा आहे, काही परदेशातून आलेलो नाही. माझी आई चतुर्थीला वाडगाभर साबुदाण्याची खिचडी खायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, आज मी जेवत नाही, उपास आहे. जेवण म्हणजे अन्न, भाकरी, वरणभात. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. फक्त शिक्का मारताना ठाऊक नव्हतं.

भगवानचं बोलणं संपलं नव्हतं. "दरसालीच उरायच्या नऊ. ती जुडग्यात बांधून तुमच्याकडंच आणून द्यायची की. तुम्ही कधी काही बोलला न्हाई, मंग आम्हाला वाटलं, बराबरच हाय."

तीन वर्षं. दर दसऱ्यानंतरच्या बाजाराला त्या जुडग्यात नऊ घरं भरलेली एक पट्टी होती, आणि 'मोजा' म्हणून ती माझ्या हातात देत होती. मी मोजलं नाही.

आमच्या डॉक्टर मॅडमना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नऊ दिवस गोळी नव्हती म्हणूनच झालं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. वय आहे, आजार आहे, इतर कारणं असू शकतात. भली बाई, माझा जीव हलका करायला बोलत होती. पण ते त्यामुळे झालंच नाही, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

लाजेचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी एवढंच केलं की शिक्का खणात टाकून कुलूप लावलं आणि पुन्हा पेन हातात घेतलं. बीपीच्या प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं: असं कोणतं काम आहे, जे तुम्ही सणाला, उपासाला, लग्नाच्या घाईतसुद्धा करताच करता? त्या कामाला गोळी बांधायची आणि पाकिटावर तेच लिहायचं.

पहिल्याच महिन्यात मी पुन्हा तोंडावर आपटलो. एक सोवळ्याचे गृहस्थ म्हणाले, देवापुढं दिवा लावणं मी कधी चुकवत नाही. मी खुशीत लिहिलं, 'दिवा लावल्यावर एक.' पुढच्या खेपेला पट्टीत दहा गोळ्या शिल्लक. चुलते वारले होते. सुतकात देवाला दिवा नाही, म्हणून गोळी नाही. मग माझ्या प्रश्नात 'सुतकात' हा शब्द वाढला.

रांग हळू झाली. मागून आवाज यायचे, "साहेब, जल्दी करा की! पाकीट लिहून राह्यले का पत्रिका?" मी हटलो नाही. एका मेंढपाळाच्या पाकिटावर लिहिलं, 'मेंढरं सोडायच्या आधी.' बऱ्याच जणांच्या लिहिलं, 'चूळ भरल्यावर.' नानांना विचारलं तर म्हणाले, वर्तमानपत्र वाचल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. मी लिहिलं, 'पेपर उघडायच्या आधी.' नानांनी चष्मा वर केला. "म्हणजे चिडायच्या आधी, असं म्हणा की." तेव्हापासून त्यांच्या पट्ट्या रिकाम्या यायला लागल्या. आणि मी सगळ्यांच्या मोजायचो, खिडकीवर, त्यांच्या डोळ्यांदेखत. मी स्वतःही आता रोज एक घेतो, चहाचं आधण ठेवलं की.

कौसाबाई उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. भगवाननं तिला धरून आणलं होतं. मी पहिल्यांदाच खिडकी सोडून बाहेर आलो आणि बाकावर तिच्या शेजारी बसलो. तुळशीचं झाड मांडीवर निपचित पडलं होतं. तोंड जरा वाकडं, शब्द एखाददुसरा, तोही ओढून काढल्यासारखा. मी म्हटलं, "कौसाबाई, चुकी माझी झाली." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मग मी माझा प्रश्न विचारला, आणि विचारता विचारताच कळलं की तो इथं चालत नाही. शेरडं सोडणं, चूल, पाणी, तिची सगळी कामं सुनेकडे गेली होती. न चुकता करते असं तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. मग तिनं डाव्या हातानं पायाकडे बोट केलं.

"ऊन," ती म्हणाली.

भगवाननं उलगडा केला. रोज सकाळी तिला ओट्यावर बसवतात. ऊन चढत चढत तिच्या पायांवर येतं, तोवर ती तिथंच असते. मी लिहायला लागलो, आणि दिवा-सुतकाची आठवण होऊन थबकलो.

"आभाळ असलं तर?"

ती माझ्यावर चिडलेली स्पष्ट दिसत होती. "तरी," ती म्हणाली.

म्हणून पाकिटावर लिहिलं: 'पायावर ऊन आल्यावर एक. आभाळ असलं तरी.' त्या पाकिटासारखं दुसरं पाकीट मी आयुष्यात लिहिलं नाही.

भादवा संपता संपता भगवान पुन्हा आला, चेहरा पाडून. आई उपास धरायचं म्हणत होती. नऊच्या नऊ. डॉक्टर मॅडमनी तिला तपासलं आणि सांगितलं, फराळ करून, पाणी भरपूर पिऊन, मीठ कमी ठेवून उपास करू दे, घरच्यांनी लक्ष ठेवा. पण गोळी एक दिवस चुकायची नाही. "तेच तर ऐकत न्हाई," भगवान म्हणाला. "गोळी खाल्ली तर उपास मोडतो म्हणती. दवाखान्यातली गोळी देवीला कशी चालंल?"

देवीच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नव्हता. तरी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी तिच्या गावी गेलो. नवरात्रासाठी दहा गोळ्यांची एक पट्टी वेगळी काढून नेली, दसरा धरून. ती ओट्यावर होती, भोवती घरची माणसं.

"कौसाबाई, पाण्यानं उपास मोडतो का?"

"न्हाई."

"मग ही पाण्याबरोबरच जाते. हे जेवण नाही आणि फराळही नाही. मी लिहिलं होतं तेच चूक होतं."

ती पट्टीकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द जुळवायला तिला फार वेळ लागला.

"मंग... तीन साल?"

एवढंच. गोळी चालत होती तर तीन वर्षं मला का नाही सांगितलंत, असा त्याचा अर्थ होता, आणि तो मला एकट्याला नाही, ओट्यावरच्या सगळ्यांना कळला. मी पट्टी तिच्या डाव्या हाताशी ठेवली. तिनं ती कमरेच्या पिशवीत टाकली आणि डोळे मिटून घेतले.

ते नऊ दिवस मी खिडकीवर बसून होतो, पण चित्त तिकडेच. एकदा एका माणसाला खोकल्याच्या गोळ्यांऐवजी लोहाच्या देत होतो, त्यानंच रंग पाहून टोकलं. पाचव्या दिवशी भगवानला फोन केला. "सकाळी पाणी मागती," तो म्हणाला, "पण घेती का न्हाई, कोण सांगावं? पिशवीला हात लावू देत न्हाई. मला म्हणती, जा." मी म्हटलं, राहू दे, बळजबरी करू नकोस. फोन ठेवल्यावर वाटलं, करायला सांगायला हवी होती.

दसऱ्याला दुपारी मी आपट्याची पानं घेऊन गेलो. लांबूनच ओट्यावर ती बसलेली दिसली. वाकून पानं दिली, म्हटलं, सोनं घ्या. तिनं डाव्या हातानं ती घेतली, कपाळाला लावली, बाजूला ठेवली. मग कमरेच्या पिशवीत हात घातला, बराच वेळ चाचपडली आणि ती पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. पट्टीला दोरा होता. एका हातानं आणि दातानं तिनं तो कसा बांधला असेल, देव जाणे.

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "राहू द्या, कौसाबाई," आणि मी पट्टी खिशात घालायला गेलो.

तिनं माझं मनगट पकडलं. त्या एका हातात अजून दोन्ही हातांचा जोर होता.

"मोजा," ती म्हणाली. शब्द अगदी स्वच्छ आला.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. दातानं दोरा सोडला आणि एकेका रिकाम्या घरावर बोट ठेवत, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं मोजायला लागलो. दहा म्हटल्यावरच तिनं मनगट सोडलं.